लोणचं कुठल्या डाएटात बसतं?



मे महिना संपत आला, बाजारात लोणच्याच्या कैऱ्या आल्या, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरात 'यंदा लोणचं घालायचं की नाही' यावर चर्चा झाली. एरवी हा प्रश्नच नसतो. घालायचंच असतं. किती किलो, एवढंच ठरवायचं.

चर्चेला कारण झालं ते मागच्या आठवड्यातलं संध्याकाळचं जेवण. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत पानं वाढली जातात, त्यामुळे मुलं सुट्टीला आली की सगळे एकत्र जेवायला सापडतात. लेक पुण्याहून आलेली, ती चार महिन्यांपासून कीटोवर आहे. पुतण्या बंगळुरूला असतो, तो व्हीगन झालाय. यांचा रक्तदाब मार्चमध्ये वाढलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवरच 'पापड, लोणचं बंद' असं लिहून दिलंय. आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७९, त्यांनी लोणचं सोडल्याला एकवीस वर्षं झाली. मी बरणी टेबलावर ठेवली आणि तिघांनी एकापाठोपाठ एक तेच विचारलं, 'हे मला चालतं का?' आक्कांनी विचारलं नाही. त्या रविवारचं अळणी जेवत होत्या.

मग मी बसून एकेकाचं डाएट समजून घेतलं. तुमच्याही घरात आता अशी मुलं असतील, म्हणून सांगते.

कीटो म्हणजे दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. हे मुळात वजन उतरवायला निघालेलं डाएट नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी ते अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवलं होतं. भाकरी नाही, भात नाही, डाळ बेताची, तेलतूप मात्र भरपूर. आपलं तेलातलं तिखट कैरीचं लोणचं यात छान बसतं, कारण त्यात साखर नाही आणि कैरीची एक फोड म्हणजे कर्बोदकं अगदीच किरकोळ. उलट या मंडळींना मीठ जरा जास्तच लागतं म्हणे, त्यामुळे लेक लोणच्याचा खारसुद्धा चाटूनपुसून खाते. गुळांबा, साखरांबा, लिंबाचं गोड लोणचं, छुंदा हे मात्र बाद. तिच्या आजोळी लोणच्यात मूठभर गूळ घालतात. ते लोणचं तिला चालत नाही आणि आमच्या घरचं चालतं, याचा मला थोडा आनंद झाला हे कबूल करते.

व्हीगनला तर प्रश्नच नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन यांनी हा शब्द काढला. दूध, दही, तूप, मध काही नको, असा त्याचा अर्थ. लोणच्यात यातलं काही नसतंच. पुतण्याने आमचं तूप बंद केलं, चहा काळा केला, पण लोणच्याच्या दोन बाटल्या बॅगेत भरल्या. तो मध खात नाही याचं आक्कांना फार कौतुक आहे, दूध सोडल्याचं मात्र अजून पटलेलं नाही.

ज्यांना गहू सोसत नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मलाही उशिरा कळली. कैरी, मीठ, मोहरी, मेथी, तिखट, तेल यात गव्हाचा कण नाही. पण हिंग! बाजारात मिळतो तो बांधानी हिंग, आणि तो बांधायला बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा वापरतात. सीलिॲकचा त्रास असलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. डबीवर काय लिहिलंय ते वाचा, किंवा हिंगाशिवाय घाला.

आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने पोटाच्या तक्रारींसाठी काढलेलं लो फॉडमॅप नावाचं एक डाएट आहे, त्यात कांदा आणि लसूण दोन्ही वर्ज्य! माझ्या भावजयीला ते दिलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती, की आता स्वयंपाक करू कसा. मी म्हटलं, वहिनी, माझ्याकडे आठ दिवस राहायला या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण लेक म्हणाली, "आई, लोणचं तर फर्मेंटेड असतं, आतड्याला चांगलं असतं, बाबांना थोडं दे की." हे वाक्य मी अलीकडे फार ठिकाणी ऐकते, त्यामुळे त्यावर जरा थांबते.

जर्मन लोक कोबीचं सावरक्राऊट करतात, त्यात कोबीच्या वजनाच्या साधारण दोन-अडीच टक्के मीठ असतं. तेवढ्या मिठात आंबवणारे जिवाणू जोमाने वाढतात, कोबी आंबतो, आणि पोटाला चांगलं म्हणतात ते या जिवंत जिवाणूंमुळे. आपलं कैरीचं लोणचं त्या जातीचं नाही. आक्कांचं माप सांगते. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, १०० ग्रॅम तिखट, वीस-वीस ग्रॅम मेथी आणि हिंग, आणि पाव लिटर शेंगदाण्याचं तेल. सगळं मिळून भरतं पावणेदोन किलोला थोडं कमी, म्हणजे मीठ झालं बारा टक्के. शिवाय वर तेलाचा थर उभा राहिला पाहिजे, बरणी कोरडी पाहिजे, हात ओला लागता कामा नये, तोंडाला दादरा बांधायचा. हे सगळं आपण कशासाठी करतो? आत काही वाढू नये म्हणून! मग त्याच बरणीला जिवाणूंची खाण म्हणून मिरवायचं कसं?

आणि समजा, खरोखरच असले त्यात लाखो जीव, तर मैत्रिणींनो, आपल्या घरात ते लोणच्याचं कौतुक कसं होईल? आपण तर नेमक्या त्याच कारणाने लोणचं सोडतो. डाएटवाल्यांच्या दृष्टीने जो गुण, तोच आपल्याकडे दोष. 'मग दह्याचं काय' असं कुणीतरी विचारेलच. दह्यालाही आपल्याकडे मर्यादा आहे, आणि ती किती घरांत पाळली जाते हे ज्याने त्याने आपापल्या फ्रीजमध्ये बघावं. माझ्या फ्रीजमध्ये परवा दोन दिवसांचं होतं.

बावीस अभक्ष्यांत लोणचं येतं हे आपल्यापैकी बहुतेकींना पाठशाळेपासून माहीत असतं. आमच्या दिगंबर घरांत लोणच्याची मर्यादा आठ प्रहर सांगतात, म्हणजे चोवीस तास. पिठाची जशी पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, तशी ही. माझी गुजराती श्वेतांबर मैत्रीण म्हणते की कडक उन्हात पाण्याचा अंश पार जाईपर्यंत वाळवलेलं त्यांच्याकडे चालतं, ओलसर राहिलेलं चालत नाही. तिच्याकडे मेथी द्विदलात धरतात, त्यामुळे मेथी घातलेलं लोणचं दहीभाताबरोबर घेत नाहीत. प्रत्येक घराची पाळण्याची रीत थोडी वेगळी आहे आणि त्यावरून भांडण्यात मला रस नाही. पण आम्ही सांगली भागातले लोक मे महिन्यात पाच किलो कैरीचं लोणचं घालतो, वर्षभर खातो आणि स्वतःला जैन म्हणवतो, ही वस्तुस्थिती आहे. मी त्यातलीच आहे. अगदी सरळ सांगायचं तर मला लोणचं फार आवडतं.

म्हणूनच मला त्या 'जैन लोणचं' लिहिलेल्या बाटल्यांचा राग येतो. मोठ्या दुकानात परवा एक हातात घेतली. पुढे हिरव्या अक्षरांत 'जैन'. मागे बारीक अक्षरांत ॲसेटिक ॲसिड, सोडियम बेंझोएट, आणि बारा महिन्यांच्या आत वापरा. बाटलीवरच्या 'जैन' या शब्दाचा अर्थ एवढाच उरलाय की लसूण नाही. चोवीस तासांची मर्यादा सांगणाऱ्यांच्या नावावर बारा महिन्यांची बाटली! लसूण नाही म्हणून 'लसूणविरहित' लिहा, आमची तक्रार नाही. आमचं नाव कशाला? आणि आपणही ती बाटली घेऊन 'चला, दोष टळला' म्हणून निर्धास्त होतो, ते जास्त वाईट. घरच्या बरणीपुढे निदान मनात थोडी चुटपुट तरी असते.

उलट टोकाला ओल्या हळदीचं लोणचं. सांगली म्हणजे हळदीचीच पेठ, हिवाळ्यात शेजारीण हौसेने वाटीभर आणून देते आणि किती औषधी आहे ते सांगते. तिला दरवर्षी सांगावं लागतं की वाळलेली हळद चालते, ओली कंदमुळात येते. ती दरवर्षी विसरते आणि दरवर्षी आणते. तिच्या प्रेमाला मर्यादा नाही.

आता यांच्याकडे येते.

चिठ्ठीवर 'बंद' लिहिलेलं असूनही मी पूर्ण बंद केलं नव्हतं. "चमचाभर तर खातो," असं ते म्हणायचे, आणि मला वाटायचं, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या जेवणातलं आणखी काय काय काढून घ्यायचं? मग एक दिवस बरणी हलवली तर ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच हलकी. त्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तेव्हा मी काही बोलले नाही, त्यांनी ताटात वाढून घेतलेलं लोणचं उचलून दिवाळीच्या मिठाया मोजायच्या काट्यावर ठेवलं. एक फोड आणि खार, २२ ग्रॅम. बारा टक्क्यांनी त्यात मीठ झालं अडीच ग्रॅमच्या वर. दोन वेळचं धरलं तर पाच ग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची आपली राष्ट्रीय पोषण संस्था, दोघीही सांगतात की एका माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे. म्हणजे आमटी, भाजी, भाकरी, पापड यातलं मीठ धरायच्या आधीच यांचा दिवसाचा हिशेब नुसत्या लोणच्यात संपत होता. रक्तदाबासाठी जे डॅश नावाचं डाएट सांगतात, त्यात भाज्या, फळं, डाळी सगळं आपल्यासारखंच आहे. फक्त लोणच्याला त्यात जागा नाही.

ते गप्प बसले. मीही. कारण वीस वर्षं ती बरणी मीच त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवत आले होते.

इथे काही जणी लगेच म्हणतील, बघा, आपल्या शास्त्रात हे आधीच सांगून ठेवलं होतं, लोणचं शरीराला वाईट! मला हे म्हणणं पटत नाही. लोणच्याची मर्यादा सांगितली ती जीवदयेसाठी, रक्तदाबासाठी नव्हे. उद्या एखाद्या संशोधकाने लोणचं हृदयाला उत्तम असं सिद्ध केलं, तर काय आपण मर्यादा मागे घेणार? लेकीच्या सोळा तासांच्या उपाशी राहण्याचंही तसंच. ती सायंकाळी सहानंतर खात नाही, आक्काही खात नाहीत. एक कमरेच्या घेरासाठी आणि एक जिवांसाठी. पान एकाच वेळी उचललं जातं म्हणून दोन्ही एक होत नाही. विज्ञानाची चिठ्ठी जोडली की आपला आचार भक्कम होतो असं आपल्याला वाटतं, आणि मग चिठ्ठी बदलली की आचारही डळमळतो.

पण एक गोष्ट मला त्या काट्यापुढे उभं असताना सुचली, ती मात्र सांगते. लोणच्यात एवढं मीठ असतं ते चवीसाठी नाही, टिकवण्यासाठी. चवीला दोन टक्केसुद्धा पुरतं. बाकी सगळं मीठ पुढच्या वर्षीच्या मे महिन्यासाठी आहे. जे लोणचं उद्या संध्याकाळपर्यंतच ठेवायचं, त्याला ते लागतच नाही. आठ प्रहरांची मर्यादा पाळणाऱ्या घरात बारा टक्के मिठाची गरजच पडत नाही. कारणं दोन वेगवेगळी, पण येऊन पोचतात त्याच वाटीपाशी.

आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. आक्कांबद्दल थोडं लिहायला हवं. एकवीस वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात त्यांनी महाराजांपुढे लोणच्याचा आजन्म त्याग घेतला. तोवर गल्लीत त्यांच्या हातच्या लोणच्याचं नाव होतं. त्याग घेतल्यावर त्यांनी घालणं थांबवलं नाही. दर मे महिन्यात विळी घेऊन बसायच्या, खार कालवायच्या, आणि मला हाक मारायच्या, "मीठ बघ गं." एकवीस वर्षं त्यांच्या लोणच्याची चव मी घेत आलेय. मी एकदा धीर करून विचारलं होतं, की आपल्याकडे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मान देणं, तिन्ही सारखंच धरतात ना, मग तुम्ही खात नाही ते आम्हाला कसं करून घालता? त्या म्हणाल्या, "नियम माझ्या जिभेनं घेतलाय. तुमच्या जिभांना मी कोण बांधणार? तुम्ही विकतचं आणाल, त्यापेक्षा माझ्या देखरेखीत होऊ दे." उत्तर मला तेव्हा पुरलं. आता पुरत नाही. त्यांना ते कधीच पुरलं नसावं असं मला अलीकडे वाटतं, कारण यंदा बंद करू या का म्हटल्यावर त्यांनी एका क्षणात "कर" म्हटलं. पुढे म्हणाल्या, "ताजं करत जा. एक कैरी, चिमूटभर मीठ, फेसलेली मोहरी, वरून हिंगाची फोडणी. दोन दिवसांचं करू नको."

ते मी आठवडाभर करतेय. पाव किलो कैरीला एक छोटा चमचा मीठ, सहा जणांना दोन वेळा पुरतं. यांच्या वाट्याला अर्धा ग्रॅमही मीठ येत नाही. खरं सांगू? चांगलं लागतं, पण ते लोणचं नाही. लोणचं मुरतं. तीन महिन्यांनी फोड मऊ होते, मेथीचा कडवटपणा खारात विरतो, ती चव ताज्या वाटीत येणार नाही, आणि तसं आणता येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यातून चातुर्मासात आपण पालेभाज्या सोडतो, बाहेर पावसाची झड, घरात मुगाची खिचडी, आणि नेमकी तेव्हाच बरणीची आठवण येणार. ज्यांच्या घरी भाकरीबरोबर दुसरं काही नसतं त्यांना तर 'लोणचं बंद' हे चिठ्ठीवर लिहून देणं फार सोपं आहे. ताटात मग काय उरतं हे चिठ्ठी विचारत नाही. आमच्या ताटात बरंच काही उरतं, म्हणून मला हे जमतंय.

तर सध्याचा निकाल असा. लेक आणि पुतण्या यांच्यासाठी एक किलोचं घालून दिलं, ते त्यांच्या डाएटात बसतं आणि ती दोघं मोठी आहेत. त्या बरणीचं मीठ मीच चाखलं, ते या वर्षीचं शेवटचं. घरात बरणी नाही. मी आजन्म वगैरे नियम घेतलेला नाही, माझी तेवढी तयारी नाही. येत्या चातुर्मासापुरता घेतलाय, दिवाळीपर्यंत. आक्कांना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बोलू नकोस कुणाला." आणि मी इथे तुम्हा सगळ्यांना सांगून बसले.

यांना कैऱ्या आणायला पाठवलं होतं. एक किलो सांगितल्या होत्या, तीन किलो घेऊन आले. "स्वस्त लावल्या," म्हणे. लोणच्याचं नावही काढलं नाही, पिशवी ओट्यावर ठेवून पेपर वाचत बसले. त्या दोन किलोंकडे बघून मला राग यावा की काय, तेच कळेना. आक्कांनी काही न बोलता विळी ओढली आणि पातळ फोडी चिरायला घेतल्या, आंबोशीसाठी. मीठ नाही, तेल नाही, नुसतं ऊन. कडकडीत वाळल्या तर खिचडीच्या दिवसांत दोन भिजवून तेवढ्यापुरतं काही करता येईल.

काल दुपारपासून आभाळ भरून येतंय. अजून दोन उन्हं तरी हवीत. गच्चीवर जाऊन फोडी उलटून येते.